डस्किंग

‘लिफ्टी’ हा शब्द सांगलीत तीनेक आठवडे जगला. लिफ्टमध्ये एकटे सापडलो की गळ्यात पडणारा आणि बाहेर चारचौघांत ओळख न दाखवणारा माणूस, तो लिफ्टी. विश्रामबागेतल्या कुणा कॉलेजच्या पोरानं तो पाडला, पोरींनी उचलला आणि बघता बघता गावभर झाला. मग भरतेश मगदुमांनी त्याच्या अर्थाला मंजुरी दिली आणि त्याच संध्याकाळी तो गावातल्या झाडून सगळ्या आईबापांच्या कानात पोचला. दुसऱ्या दिवशी एका प्राध्यापकांनी वर्गात शिरता शिरता ‘मी काही लिफ्टी नाही बरं का, बाहेरही ओळख देतो’ असा विनोद केला. शब्द तिथल्या तिथे मेला. प्राध्यापकांच्या तोंडी लागलेला शब्द पोरं परत वापरत नाहीत. उष्टा झाला म्हणतात.

मगदुमांना अशा वेळी जरा हळहळ वाटे, पण तोवर त्यांच्यापुढे पुढचा शब्द आलेला असे.

मगदूम मूळचे इंग्रजीचे मास्तर. मिरजेच्या एका शाळेत त्यांनी पोरांच्या दोन पिढ्यांकडून काळ आणि क्रियापदं घोकून घेतली. पुढे कर्णिका आली, शाळेनं इंग्रजीचे तास निम्म्यावर आणले आणि मगदूम ‘सुबोध’ नावाच्या कंपनीत लागले. कंपनीचं सांगलीचं ऑफिस मार्केट यार्डात, हळदीच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर. तिथं काम करणाऱ्याच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर महिन्याभरात पिवळी पडते. मगदूम या कॉलरीवर खूश असत. शाळेत खडू होता, इथं हळद आहे, असं म्हणत.

कर्णिका म्हणजे काय, हे आज कुणाला सांगायला नको. पण ही गोष्ट आणखी वीस वर्षांनी कुणी वाचली तर पंचाईत नको म्हणून सांगतो. कर्णिका म्हणजे कानात बसणारं शेंगदाण्याएवढं यंत्र. आधी ती ऐकू कमी येणाऱ्यांसाठी होती. मग तिला भाषा शिकवली. समोरचा तमिळ बोलला की अर्ध्या श्वासानंतर कानात मराठी ऐकू यायचं. पोरांची भाषा हीही परभाषाच आहे, हा शोध कंपनीला उशिरा लागला. लागल्यावर मात्र पोरंबाळं असलेल्या घरांतून कर्णिकेला इतकी मागणी आली की कंपनीच्या नाकी नऊ आले.

आता, कालच जन्मलेल्या शब्दाचा अर्थ यंत्राला कळतो कसा? इमारतीत नवा भाडेकरू आला की त्याच्याकडे कोण येतं-जातं यावरून आपण त्याचा अंदाज बांधतो. यंत्र तेच करतं. भाषेतल्या प्रत्येक शब्दाला त्यानं एका नकाशावर जागा दिलेली असते, आणि एकमेकांच्या सोबतीनं वापरले जाणारे शब्द त्या नकाशावर जवळ जवळ बसतात. आपल्या नकाशाला लांबी-रुंदी असते, त्याच्या नकाशाला हजारो दिशा असतात, एवढाच काय तो फरक. नवा शब्द आला की यंत्र त्याच्या अलीकडचे-पलीकडचे शब्द पाहून त्याची जागा हेरतं. पूर्वी त्यासाठी लाखो वाक्यं लागत. आता नकाशा इतका दाट भरलाय की मोकळी जागा चटकन दिसते आणि मूठभर वाक्यांत काम भागतं. ही वाक्यं येतात कर्णिकांमधूनच. घालणाऱ्याच्या आसपासचं बोलणं ती टिपते, नावं गाळते, आवाज बदलते आणि नमुने म्हणून कंपनीला पाठवते. त्या बदल्यात कर्णिका फुकट. नुसतं ऐकू येण्याचं साधं यंत्र बनवणारे कारखाने त्यामुळे केव्हाच बंद पडले.

यंत्राला एक गोष्ट मात्र नीट जमत नाही. शब्द लाडानं म्हटलाय की टोमणा मारलाय, हे त्याला छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून कायद्यानं असं ठरवलं की त्या भागातल्या दोन माणसांनी नमुने ऐकून ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय अर्थ कुणाच्या कानात जायचा नाही. या माणसांना म्हणतात पुष्टीकार. सांगली ऑफिसात पुष्टीकार बरेच होते, पण मगदुमांचा कान सगळ्यांत तयार. दोन नमुने ऐकून ते सूर सांगायचे. ही मोठी मौज होती, कारण कर्णिका काढली तर त्यांना समोरच्याचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येई. मगदुमांच्या घराण्यात कान लवकर जातात. आजोबांचे गेले, वडिलांचे गेले, यांचे चाळिशीत गेले. कानातल्या नसाच दमतात, त्याला औषध नाही.

हे सगळं सुरळीत चालायचं, पण पोरं बसून राहणारी नव्हती. अर्थ जितका लवकर फुटे तितका शब्द लवकर मरे. पुण्याच्या एका बाईंनी याचं गणित मांडलं. किरणोत्सारी पदार्थाला जसं अर्धायुष्य असतं तसं शब्दालाही असतं, म्हणजे तो वापरणारे निम्म्यावर यायला लागणारा काळ. कर्णिकेच्या आधी पोरांच्या शब्दाचं अर्धायुष्य वर्षांत मोजत. ते महिन्यांवर आलं, मग दिवसांवर. पोरांनी शब्द पाडायचा वेग वाढवला. कंपनीनं आणखी कमी नमुन्यांत अर्थ लावायला सुरुवात केली. मग पोरांनी टोळ्या लहान केल्या. आधी शब्द अख्ख्या कॉलेजचा असे, मग वर्गाचा झाला, शेवटी चार मैत्रिणींचा. पाचवी मैत्रीण करायची तर तिला आधी भाषा शिकवावी लागे. आणि कर्णिकावाला जवळ आला की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. अशा माणसाला पोरांनी नाव ठेवलं ‘टॅपी’. नळाला लावलेल्या चोर तोटीसारखा, बोलणं वळवून नेणारा. हा एक शब्द मात्र मेला नाही. तो टॅपींना कळावा अशीच पोरांची इच्छा होती.

घरात टॅपी असणं हे पोरांमध्ये मोठं लाजिरवाणं. त्रिशला मगदूमच्या घरात नुसता टॅपी नव्हता, पुष्टीकार होता.

*

मगदूम जैन. सूर्य मावळल्यावर अन्नाला हात लावायचा नाही, ही घरातली रीत आजोबांच्या आधीपासूनची आणि आजवर न मोडलेली. हिवाळ्यात सूर्य लवकर जातो, म्हणून साडेपाचला पानं वाढलेली असत. मार्केट यार्डातून मगदूम स्कूटर पिटाळत येत, फार्मसी कॉलेजातून त्रिशला बसनं येई. बाकीची सांगली त्या वेळी भडंग खात हिंडत असे आणि मगदूम, बायको पद्मजा आणि लेक त्रिशला हे तिघं आमटीभाकरी खात असत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून महापालिकेची पाण्याची टाकी दिसे. सूर्य टाकीमागे गेला की हात धुवायचे.

“आज काय शिकवलं?” मगदुमांनी विचारलं.

“हो पप्पा.”

“हो काय? काय शिकवलं म्हणून विचारतोय.”

त्रिशलानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. “नेहमीचंच. औषधांची नावं. आई, आमटी चांगली झाली आहे.”

आमटी चांगली झाली आहे! मगदुमांनी हातातला घास ताटात ठेवला. दीड वर्षापूर्वी हीच पोरगी ताट पुढं सरकवून ‘मम्मी, लई भारी, वाढ की अजून’ म्हणायची. आता ती पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखी बोलत होती. शब्द शुद्ध, वाक्य पूर्ण, आणि त्यात माणूस नाही.

“काय झालंय तुला, त्रिशू? माझ्यावर रागावलीस?”

“नाही. मला आणखी भात नको.”

“भाताचं कोण विचारतंय?”

“अहो, खाऊ दे की तिला,” पद्मजा म्हणाली. “तोंडी परीक्षा घ्यायलाय का?” पद्मजा कर्णिका वापरत नसे. कानात काही घातलं की तिला शिंका येत.

त्रिशलानं खिडकीकडे पाहिलं. सूर्याची कड टाकीला टेकली होती. तिनं घाईघाईनं ताट उचललं, मोरीत ठेवलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मगदुमांना या रागाचं कारण ठाऊक होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. दीड वर्षापूर्वी त्रिशलाच्या मैत्रिणी, सानिया आणि ऋतुजा, रोज घरी यायच्या. मगदूम आतल्या खोलीत वाचत बसत आणि कर्णिका त्यांच्या कानात इमानेइतबारे अर्थ सांगत राही. त्यात एकदा ‘चार्जी’ आला. फक्त फोन चार्ज करायला घरी येणारी मैत्रीण ती चार्जी. पोरी सानियाला लाडानं तसं म्हणायच्या. मगदुमांना हा शब्द फार आवडला. आणि मास्तरकीची सवय काही जात नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना ते मोठ्या हौसेनं म्हणाले, “काय त्रिशू, तुझी चार्जी आली नाही वाटतं आज?”

त्यांना वाटलं होतं पोरगी हसेल. तिचा चेहरा पांढरा पडला. सानिया आणि ऋतुजा त्यानंतर कधी घरी आल्या नाहीत आणि त्रिशला हळूहळू शुद्ध मराठी बोलू लागली. मगदुमांनी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा ती ‘ठीक आहे’ म्हणाली. लेक आपल्याशी परक्यासारखी वागते याचं त्यांना इतकं वाईट वाटत असे की काही दिवस ते मुद्दाम ऑफिसातून सावकाश निघत आणि मग सूर्य चुकू नये म्हणून सिग्नल तोडत घर गाठत.

*

‘डस्किंग’ त्यांच्या पडद्यावर आला तो मंगळवारी, सकाळच्या चहाच्या आधी.

यंत्राचा अंदाज वर लिहिलेला होता: ‘घरच्यांबरोबर जेवायला बसून, सांगायची गोष्ट न सांगता उठणे. सूर: खंतावलेला. वापरणारे: तीन.’ खाली शेरा होता: ‘नमुने बसमधून, मागच्या बाकांवरून. एक व्यक्ती गरजेपेक्षा मोठ्यानं बोलते, त्यामुळे नमुने स्वच्छ.’ तीनच वापरणारे म्हणजे शब्द अगदी कोवळा. असे शब्द लावण्यात मगदुमांना गंमत वाटे. त्यांनी पहिला नमुना लावला. बदललेला आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता.

“काल पण डस्कलं यार. तोंडापर्यंत आलेलं.”

दुसऱ्या नमुन्यात दुसरा आवाज होता. “किती दिवस डस्किंग करणारैस? एक दिवस सांगायला लागंलच की.”

तिसऱ्यात पुन्हा पहिला, मोठा आवाज. “नाही होत गं. सूर्य टाकीमागं गेला की सुटले. मग उद्या बघू.”

मगदुमांनी नमुना थांबवला.

सांगलीत जैन घरं पुष्कळ आणि टाक्याही पुष्कळ, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून पाहिली. पण हा शब्दच त्यांचा होता. त्रिशला चौथीत असताना त्यांनी तिला शिकवलं होतं, की आपल्या संध्याकाळला इंग्रजीत दोन शब्द आहेत, इव्हनिंग आणि डस्क, आणि आपण जेवतो ते डस्कच्या आत. पोरगी पुढं महिनाभर ‘मम्मी, डस्क झालं, वाढ’ म्हणत घरभर नाचायची. त्या डस्कला ‘इंग’ लावून तिनं काय करून ठेवलं होतं ते आता त्यांच्या पडद्यावर होतं.

पडद्याच्या तळाशी चार बटणं असत. ‘बरोबर’ दाबलं तर शब्द दुसऱ्या पुष्टीकाराकडे जाणार, त्यानंही बरोबर म्हटलं की संध्याकाळी गावभर. बोलणाऱ्याची ओळख लागली तर ‘ओळख’ दाबायचं, तसा नियमच होता. मग शब्द तिऱ्हाइताकडे जाई आणि तो बरोबर म्हणून मोकळा होई. ‘अर्थ लागत नाही’ असं दोघांनीही म्हटलं तर नमुने पुसले जात आणि वर्षभर त्या शब्दाला कुणी हात लावत नसे. आणि चौथं बटण होतं ‘आणखी नमुने’.

त्या चौथ्या बटणावर मगदुमांचं बोट गेलं.

तिला सांगायचंय काय, ते पुढच्या नमुन्यांत असणारच. बसमध्ये मैत्रिणीशी बोलताना कधीतरी तिनं ते म्हटलंच असेल. नापास झाली? कुणी मुलगा आहे? कुणी त्रास देतंय? काही दुखणं आहे? बापाच्या मनात काय काय येतं त्याला धरबंध नसतो. एकदा दाबलं की कळेल, मग तिला मदत करता येईल, असं मन सांगत होतं. ते खोटं नव्हतं.

पण मग त्यांना चार्जी आठवली. हे ऐकून आपण घरी गेलो आणि उद्या-परवा पोरीनं धीर करून तोंड उघडलं, तर आपल्याला ते आधीच ठाऊक असणार. आपला चेहरा ते लपवू शकणार नाही. तिनं जन्मात एकदा सांगायला घ्यावं आणि समोर टॅपी बसलेला असावा, या विचारानं ते शरमले.

त्यांनी ‘अर्थ लागत नाही’ दाबलं.

चहाच्या टेबलापाशी नसीमा मुल्लाणी उभी होती. ती शेजारच्या खुर्चीवरची पुष्टीकार. मगदुमांनंतर शब्द तिच्याकडे जायचा.

“सर, तो डस्किंग आला माझ्याकडं,” ती म्हणाली. “तुम्ही अर्थ लागत न्हाई म्हणलाय. दोन नमुन्यांत लिफ्टी वळखणारा माणूस तुम्ही.”

“नाही लागला.”

नसीमानं कपात चमचा फिरवला. साखर कधीच विरघळली होती. “तुम्ही टाकीजवळच ऱ्हाता न्हवं?”

मगदुमांनी आपला चहाचा कप उचलला.

“माझा थोरला माझ्यासमोर तोंड उघडत न्हाई,” ती म्हणाली. “मी घरात कर्णिका घालत न्हाई, तरीबी. तो म्हणतोय, अम्मी, तुझं ते कामच हाय.” मग तिनं कप खाली ठेवला. “मलाबी न्हाई लागला अर्थ, सर. तसं दाबून आलोय मी.”

मगदुमांचे डोळे भरून आले. “नसीमा, तुझे उपकार—”

“ऱ्हाऊ दे ते. पण शब्द पुसून काय हुतंय? ती पोर आज सांच्याला परत डस्कणारच की.”

*

त्या संध्याकाळी मगदूम वेळेच्या आधी घरी आले. पानं वाढली गेली. आमटी होती, मटकीची उसळ होती, भाकरीचा पहिला तुकडा अजून कुणी मोडला नव्हता. मगदुमांनी कानातली कर्णिका काढली, तिचा सेल काढून वेगळा ठेवला आणि दोन्ही वस्तू स्टीलच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

“अहो, हे काय करायलाय?” पद्मजानं विचारलं.

“काय?”

“म्हटलं, ऐकू कसं येणार तुम्हाला?”

“काय म्हणतीस?”

पद्मजानं कपाळावर हात मारला. त्रिशला डब्याकडे बघत होती. मगदुमांनी तिच्याकडे तोंड केलं. भाषण त्यांनी स्कूटरवर पाठ केलं होतं, पण ते सगळं विसरले.

“इथून पुढं घरात मी हे घालणार नाही,” ते म्हणाले. “तुला जे बोलायचंय, जसं बोलायचंय, ते बोल. कुठं जाणार नाही. फक्त जरा मोठ्यानं बोल, मला ऐकू येत नाही.”

त्रिशलाचे ओठ हलले.

“मोठ्यानं!”

तिचे ओठ पुन्हा हलले. मगदुमांनी बायकोकडे पाहिलं.

“ती म्हणती,” पद्मजा ओरडली, “तुम्हीच मोठ्यानं बोला!”

“मी? मी कशाला? मी तर ओरडतोय!”

त्रिशला उठली. ती टेबलाला वळसा घालून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि जीव खाऊन ओरडली, “पप्पा, मला पण ऐकू येत नाही!”

हे मगदुमांना पहिल्याच झटक्यात ऐकू गेलं. खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंनाही गेलं, कारण थोड्याच वेळात त्या जिन्यात येऊन ‘सगळं बरं आहे ना?’ असं विचारून गेल्या.

मग सगळं बाहेर आलं. एकेक वाक्य दोनदा, तीनदा ओरडावं लागत होतं. मधूनमधून पद्मजा दुभाष्याचं काम करत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. वर्ष झालं होतं. आधी वर्गात मागच्या बाकावर ऐकू येईना, मग फोनवर, मग जेवताना. सानियाला घेऊन ती मिरजेला डॉक्टरांकडे जाऊन आली होती. नसाच दमल्यात, घरात आणखी कुणाला आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. कर्णिका घाल म्हणाले.

“मग घातली का नाहीस?” मगदूम ओरडले. “एवढ्या लवकर कान जायला लागले आणि तू—”

“घातली तर मी टॅपी!” त्रिशला ओरडली. “सानिया, ऋतू, कोणच माझ्यासमोर बोलणार नाही! आणि नाही घातली तर त्या बोलतात ते मला ऐकूच येत नाही! रोज नवीन शब्द काढत्यात पप्पा. ऐकूच आला नाही तर शिकू कसा? सारखं परत सांग, परत सांग म्हटलं की त्या हसतात. दोन वेळा नाही कळलं की मी आपली मान हलवते.”

मगदुमांना ‘हो पप्पा’ आठवलं, भाताचं आठवलं. पोरगी त्यांच्या ओठांकडे बघायची ते आठवलं. वर्षभर जो राग म्हणून ते उरात बाळगून होते, तो राग नव्हताच. ती घाबरलेली होती. आणि तो शेरा आठवला, गरजेपेक्षा मोठ्यानं बोलते. कान गेले तेव्हा शाळेतली पोरं त्यांनाही लाउडस्पीकर म्हणायची. जगातल्या सगळ्या पोरींचे सूर ओळखणाऱ्या या माणसाला आपल्या पोरीचा तेवढा ओळखता आला नव्हता, आणि त्यांना त्याची मनापासून लाज वाटली.

“मला सांगायचं नाहीस?” ते म्हणाले. एवढंच त्यांना सुचलं.

“काय?”

“म्हटलं, मला का नाही सांगितलंस!”

“सांगणार होते! रोज ठरवायचे! तुम्ही म्हणणार कर्णिका घाल, दुसरं काय म्हणणार? म्हणून रोज डस्किंग करायचे!”

मगदुमांनी कानामागं हात धरला. “डस्किंग?” त्यांनी विचारलं. “म्हणजे काय?”

त्रिशलानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. गेल्या कित्येक महिन्यांत तिला कुणी शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. टॅपींना विचारायची गरज पडत नसे आणि मैत्रिणी तो तिच्या आधीच जाणून असत. तिनं ओरडून ओरडून सांगितलं. जेवायला बसायचं, सांगायचं ते जिभेवर ठेवायचं, आणि सूर्य टाकीमागे गेला की ते गिळून उठायचं. हा शब्द मी काढलाय, ती म्हणाली, एकटीनं, दुसऱ्या कुणी नाही. सानियालासुद्धा मला शिकवायला लागला. मगदूम मान डोलावत ऐकत राहिले. यंत्रानं लावलेला अर्थ जवळजवळ बरोबर होता. गिळण्याचं तेवढं त्यात नव्हतं.

“चांगला शब्द आहे,” ते म्हणाले आणि तिनं ‘काय?’ विचारल्यावर त्यांनी तो शेरा पुन्हा एकदा, पूर्ण आवाजात दिला.

पद्मजानं खिडकीकडे पाहिलं आणि मग पानांकडे. आमटीवर साय धरली होती. टाकी नुसती काळी दिसत होती, तिच्यामागं उजेडाची रेघही उरली नव्हती. आता घास घेण्यात अर्थ नव्हता, आणि कुणी तसं बोलूनही दाखवलं नाही. कर्णिकेचं काय करायचं, कॉलेजचं काय, सानियाला कसं समजवायचं, यातलं काहीच ठरलं नव्हतं. मगदुमांना एकही उपाय सुचत नव्हता.

“उद्या आपण दोघं मिरजेला जाऊ,” ते म्हणाले. “आणि मला आधी सांग, तुला काय हवंय ते. मी कंपनीतला नाही, मी—”

स्वयंपाकघरात अंधार दाटला होता. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की त्रिशला उठून उभी राहिली आहे. सूर्य गेला, पोरगी चालली, असंच त्यांना वाटलं. वर्षभर त्यांनी हेच पाहिलं होतं.

ती भिंतीपाशी गेली आणि तिनं दिवा लावला. मग परत येऊन त्यांच्या शेजारी बसली, खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि त्यांच्या ओठांवर डोळे लावले.

“अंधारात दिसत नव्हतं,” ती ओरडली. “हां पप्पा, आता बोला.”